हिराकूड : सत्तरीकडे झुकलेले धरण आणि अपुरा सांडवा

ओडिशातील संबलपूर शहरापासून सुमारे १५ किलोमीटर वर, महानदीवरील हिराकूड धरणाचा पहिला दरवाजा दर पावसाळ्यात उघडला जातो तेव्हा तेथे विधिवत पूजा होते, नारळ फुटतो, भोंगे वाजवून नदीकाठच्या लोकांना सावध केले जाते आणि मगच मोसमातील पहिले पुराचे पाणी खाली सोडले जाते. हा सोहळा पाहण्यासाठी गर्दीही होते. मात्र त्या दिवसापासून पुढील तीन महिने धरणाच्या नियंत्रण कक्षातील अभियंत्यांना रोज जो निर्णय घ्यावा लागतो तो सोहळ्याचा नसतो. किती पाणी अडवायचे आणि किती सोडायचे, हा तो निर्णय. पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते १३ जानेवारी १९५७ रोजी उद्घाटन झालेले हे धरण आता सत्तरीकडे झुकले आहे. त्याच्या काँक्रीटला भेगा पडल्या आहेत, जलाशयात गाळ साचला आहे, आणि ज्या महापुराचा विचार करून त्याचा सांडवा बांधण्यात आला त्याहून कितीतरी मोठा पूर महानदीला येऊ शकतो, असे नंतरच्या अभ्यासातून निष्पन्न झाले आहे. यातील पहिल्या दोन गोष्टींची चर्चा अधिक होते. खरी चिंता तिसऱ्या गोष्टीची आहे.

तिघांचे काम एकावर

महानदीचा त्रिभुज प्रदेश हा कटक, पुरी, जगतसिंगपूर आणि केंद्रापाडा या जिल्ह्यांचा सुपीक पट्टा आहे. पुराने तो पिढ्यान्‌पिढ्या उद्ध्वस्त होत आला. ब्रिटिश राजवटीत त्यावर एकच उपाय ठाऊक होता : नदीकाठी मातीचे बांध घालणे. बांध फुटत, पुन्हा घातले जात आणि पुन्हा फुटत. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३०च्या दशकात या उपायाची मर्यादा ओळखून वरच्या खोऱ्यात साठवण जलाशय बांधण्याच्या दृष्टीने पाहणी करावी, असे सुचविले.

या सूचनेला धोरणाचे रूप येण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे, हे महाराष्ट्रात फारसे ठाऊक नसते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे पाटबंधारे व वीज या विषयांची जबाबदारी होती. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे त्यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या परिषदेत महानदीच्या बहुउद्देशीय विकासाची दिशा ठरली. पुराचे पाणी म्हणजे शत्रू आणि ते लवकरात लवकर समुद्रात घालवावे, ही तोवरच्या चौकशी समित्यांची भूमिका डॉ. आंबेडकरांनी त्या परिषदेत खोडून काढली. माणसाचे हाल पाण्याच्या अतिरेकापेक्षा अभावाने अधिक होतात, तेव्हा पाणी साठवून त्यातून सिंचन, वीज आणि जलवाहतूक साधावी, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. दामोदर खोऱ्याच्या योजनेमागेही हाच विचार होता.

त्यानंतर ए. एन. खोसला यांच्या नेतृत्वाखालील केंद्रीय यंत्रणेने जो आराखडा केला त्यात महानदीवर हिराकूड, टिकरपाडा आणि नराज अशी तीन धरणे होती. प्रत्यक्षात हिराकूड हे एकच साकार झाले. १५ मार्च १९४६ रोजी ओरिसाचे तत्कालीन गव्हर्नर सर हॉथॉर्न लुईस यांनी कोनशिला बसविली आणि १२ एप्रिल १९४८ रोजी नेहरूंच्या हस्ते काँक्रीटचा पहिला थर घालण्यात आला. टिकरपाडा येथील धरण बुडीत क्षेत्राच्या प्रश्नामुळे कागदावरच राहिले. नराज येथे पुढे बराज झाला, पण त्यात पूर सामावून घेणारा साठा नाही. तिघांनी मिळून करायचे काम अशा रीतीने एकट्या हिराकूडच्या वाट्याला आले. आजच्या बऱ्याच अडचणींचे मूळ येथे आहे.

या एका धरणासाठीही किंमत थोडी पडली नाही. पावणेतीनशेहून अधिक गावे बाधित झाली आणि एक लाखावर माणसे विस्थापित झाली. त्यांतील अनेक कुटुंबांच्या मोबदल्याच्या तक्रारी दुसऱ्या-तिसऱ्या पिढीपर्यंत पोहोचल्या आहेत.

धरणाची रचना

लामडुंगरी आणि चांदिली डुंगरी या दोन टेकड्यांमधील मुख्य धरणाची लांबी ४.८ किलोमीटर आहे. त्यात काँक्रीट, दगडी बांधकाम आणि माती अशा तिन्ही प्रकारचे भाग आहेत. टेकड्यांपलीकडील सखल जागा बुजविण्यासाठी दोन्ही बाजूंना मिळून सुमारे २१ किलोमीटर लांबीचे मातीचे बांध घालण्यात आले. ते धरून एकूण लांबी २५.८ किलोमीटर भरते. धरणाची उंची ६१ मीटर, जलाशयाचे क्षेत्र पूर्ण पातळीला सुमारे ७४३ चौरस किलोमीटर आणि पाणलोट क्षेत्र ८३,४०० चौरस किलोमीटर आहे. पाणलोटाचा बहुतेक भाग छत्तीसगडमध्ये येतो. महानदीच्या खोऱ्याचा अगदी लहानसा तुकडा महाराष्ट्राच्या हद्दीतही आहे.

पाणी सोडण्यासाठी धरणाला एकूण ९८ दरवाजे आहेत. त्यांपैकी ६४ खालच्या पातळीवरील मोऱ्यांचे आणि ३४ सांडव्याच्या माथ्यावरचे आहेत. माथ्यावरचे दरवाजे पाणी वर चढल्यावरच उपयोगी पडतात. खालच्या मोऱ्यांमुळे मात्र जलाशय कमी भरलेला असतानाही मोठा विसर्ग करता येतो, म्हणजे येणाऱ्या पुरासाठी आधीच जागा मोकळी करता येते. पूरनियंत्रणासाठी बांधलेल्या धरणाची ही खूण आहे. सिंचनाच्या धरणाला इतक्या मोऱ्यांची गरज पडत नाही.

भेगा कशाच्या?

हिराकूडच्या भेगांविषयी वर्तमानपत्रांत अधूनमधून बातम्या येतात आणि घबराट पसरते. त्या भेगांचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे.

सांडव्याच्या भागातील गॅलऱ्यांमध्ये आणि मोऱ्यांच्या परिसरात आढळलेल्या भेगांचे प्रमुख कारण काँक्रीटच्या पोटात आहे. सिमेंटमधील अल्कली आणि काही प्रकारच्या खडीतील सिलिका यांच्यात ओलाव्याच्या सान्निध्यात मंद रासायनिक क्रिया होते. तिच्यातून तयार होणारा चिकट पदार्थ पाणी शोषून फुगतो आणि काँक्रीटला आतून ताण देतो. उत्तर प्रदेशातील रिहांद धरणालाही याच विकाराने ग्रासले. १९४०-५०च्या दशकांत खडी निवडताना तिची ताकद पाहिली जाई. तिची रासायनिक चाचणी घेण्याची पद्धत भारतात अद्याप रुळलेली नव्हती. त्यामुळे ही चूक कोणा एका ठेकेदाराची किंवा अभियंत्याची म्हणता येत नाही.

या क्रियेवर औषध नाही. खडी बदलता येत नाही आणि धरणातला ओलावा काढून टाकता येत नाही. भेगांमध्ये दाबाने सिमेंट किंवा इपॉक्सी भरणे, पाण्याकडील बाजूस पाणबुड्यांकरवी भेगा बुजविणे, आणि मोजमापाची उपकरणे बसवून हालचालीवर लक्ष ठेवणे एवढेच करता येते. हिराकूड येथे ते करण्यात आले आहे. भेगा पडल्या म्हणून धरण कोसळेल असे समजण्याचे कारण नाही. काँक्रीटचे गुरुत्व धरण आपल्या वजनावर उभे असते आणि वरवरच्या भेगांनी ते वजन घटत नाही.

धोका वेगळ्या मार्गाने येतो. फुगणारे काँक्रीट दरवाजांच्या खाचा आवळते. खाच काही मिलिमीटर जरी अरुंद झाली तरी अनेक टनांचा दरवाजा ऐन वेळी अडकू शकतो. भेगांतून झिरपणारे पाणी लोखंडी भाग गंजविते. जुन्या धरणांत भिंतीपेक्षा दरवाजा, साखळी, मोटर आणि विजेची तार हेच भाग आधी दगा देतात. कर्नाटकातील तुंगभद्रा धरण हिराकूडच्याच पिढीतले. १० ऑगस्ट २०२४च्या रात्री तेथील १९ क्रमांकाच्या दरवाजाची साखळी तुटली, दरवाजा वाहून गेला आणि भरलेल्या जलाशयातील पाणी दिवसेंदिवस नदीत सोडून द्यावे लागले. भिंतीला काहीही झाले नव्हते. आंध्र प्रदेशातील अन्नमय्या प्रकल्पाचे मातीचे धरण १९ नोव्हेंबर २०२१ रोजी वाहून गेले, तेव्हा त्याच्या पाचपैकी एक दरवाजा नादुरुस्त होता. हिराकूडला तर असे ९८ दरवाजे आहेत. पावसाळ्यापूर्वी त्यांतील प्रत्येक उघडून-मिटून पाहणे हे कंटाळवाणे, खर्चिक आणि कोणाच्याही नजरेत न भरणारे काम आहे. तेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

पंधरा लाख आणि साडेचोवीस लाख

हिराकूडचे सर्व दरवाजे उघडले तर सेकंदाला ४२,४५० घनमीटर, म्हणजे सुमारे १५ लाख क्युसेक पाणी बाहेर पडू शकते. धरण बांधताना एवढी क्षमता मुबलक मानली गेली. त्या काळी नदीच्या पुराच्या नोंदी थोड्या वर्षांच्याच होत्या. त्यांतील मोठ्यात मोठा पूर घेऊन त्यात सुरक्षिततेची भर घालण्याचा प्रघात होता. पुढे ही रीत बदलली. पाणलोट क्षेत्रावर निसर्गतः जास्तीत जास्त किती पाऊस पडू शकेल आणि त्यातून केवढा पूर येईल, याचे गणित मांडले जाऊ लागले. या नव्या पद्धतीने हिराकूडचा संभाव्य महत्तम पूर सेकंदाला ६९,६३२ घनमीटर, म्हणजे सुमारे साडेचोवीस लाख क्युसेक निघाला. बांधलेल्या सांडव्यापेक्षा हा आकडा नऊ लाखांहून अधिक आहे.

असा पूर दर वर्षी येत नाही. कदाचित शतकानुशतके येणारही नाही. पण आलाच तर पाणी कोठून जाईल, या प्रश्नाचे उत्तर धरणाच्या रचनेत आहे. काँक्रीटच्या भागावरून काही काळ पाणी वाहून गेले तर नुकसान होईल, तरी भिंत टिकण्याची शक्यता असते. मातीच्या बांधाला ती सवलत नाही. माथ्यावरून पाणी वाहू लागले की माती धुपते, ओघळ पडतो, ओघळाची घळ होते आणि काही तासांत भगदाड पडते. हिराकूडच्या एकूण लांबीचा फार मोठा हिस्सा मातीचाच आहे. मातीचे धरण कसे जाते हे पुणेकरांनी १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या वेळी अनुभवले. अपुऱ्या सांडव्याचा परिणाम गुजरातमधील मोरबीने ११ ऑगस्ट १९७९ रोजी भोगला. त्या दिवशी मच्छू नदीवरील दुसऱ्या धरणाकडे सांडव्याच्या क्षमतेच्या दुपटीहून अधिक पाणी आले, मातीचे भाग वाहून गेले आणि हजारोंचा बळी गेला.

या कमतरतेवर उपाय म्हणून हिराकूडच्या डाव्या बाजूस अतिरिक्त सांडवा बांधण्याचे काम जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविण्यात आलेल्या धरण पुनर्वसन व सुधारणा प्रकल्पात समाविष्ट करण्यात आले. हा प्रकल्प २०१२ ते २०२१ या काळात सात राज्यांतील २२३ धरणांवर राबविला गेला. हिराकूडच्या सांडव्याच्या जागेवर आणि त्याच्या पाण्याच्या वाटेत मात्र वस्त्या होत्या. त्या हलविण्याच्या प्रश्नावरून आंदोलने झाली आणि काम रेंगाळले. धरणासाठी एकदा गाव सोडलेल्या प्रदेशात पुन्हा घर सोडण्याची नोटीस आली, की लोक ती कोणत्या मनःस्थितीत वाचत असतील याची कल्पना करणे अवघड नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट असणे गरजेचे आहे, कारण सरकारी पत्रकांत ती स्पष्ट नसते. अतिरिक्त सांडवा धरण वाचविण्यासाठी आहे. खालच्या गावांचा पूर त्याने कमी होत नाही. त्रिभुज प्रदेशातील बांध नराजपाशी साधारण नऊ ते दहा लाख क्युसेकपर्यंतचाच प्रवाह सुखरूप वाहू देतात. वीस लाखांवर पाणी आले तर कटकच्या खालचा पट्टा बुडणारच, मग ते जुन्या सांडव्यातून येवो वा नव्या. धरण शाबूत राहिले तर त्या पुरात जलाशयातील साठ्याची भर पडणार नाही. सांडव्याचा लाभ एवढाच आहे आणि तो लहान नाही.

गाळाने खाल्लेली जागा

धरण बांधले तेव्हा जलाशयाची एकूण क्षमता ८,१३६ दशलक्ष घनमीटर होती. नंतरच्या पाहणीनुसार ती ५,८९६ दशलक्ष घनमीटरवर आली. याचा अर्थ चौथ्या हिश्शाहून अधिक जागा गाळाने व्यापली. उपयुक्त साठाही ५,८१८ वरून ४,८२३ दशलक्ष घनमीटरपर्यंत घटला.

गाळ तळाशी, म्हणजे मृत साठ्यात बसतो आणि त्याने फारसे बिघडत नाही, असा समज धरणे आखताना होता. नदी जलाशयात शिरते तेथे तिचा वेग मंदावतो आणि जाड रेती तेथेच, वरच्या अंगाला पडते. ही जागा उपयुक्त साठ्याची असते आणि पूर सामावून घेण्यासाठी ठेवलेली पोकळीही तेथेच असते. गाळ उपसून ही जागा परत मिळविण्याची सूचना वारंवार होते. पण दोन अब्ज घनमीटरहून अधिक माती काढायची कशी आणि ठेवायची कोठे, याला व्यवहार्य उत्तर नाही.

पूर्ण भरावे की रिकामे ठेवावे?

पूर अडविण्यासाठी जलाशय रिकामा हवा. सिंचन आणि विजेसाठी तो भरलेला हवा. हिराकूडवर सुमारे दीड लाख हेक्टरचे खरीप आणि एक लाखाहून अधिक हेक्टरचे रब्बी सिंचन अवलंबून आहे. बुर्ला व चिपिलिमा येथील वीजगृहे आहेत. १९९०च्या दशकापासून परिसरातील उद्योगांची मागणीही वाढली. नोव्हेंबर २००७ मध्ये हजारो शेतकऱ्यांनी धरणावर मोर्चा काढला तो आपले पाणी कारखान्यांना जात असल्याच्या रागातून.

या ओढाताणीवर तोडगा म्हणून जलाशयाची पातळी कोणत्या तारखेस किती असावी याचे वेळापत्रक ठरविण्यात आले आहे. जुलैच्या आरंभी पातळी ५९० फुटांच्या आसपास ठेवायची, ती टप्प्याटप्प्याने वाढवायची आणि पावसाळा सरताना ६३० फुटांवर न्यायची. जुलै-ऑगस्टच्या पुरासाठी ही योजना ठीक आहे. मात्र महानदीचे मोठे पूर वेळापत्रक पाळत नाहीत. नराजपाशी १५ लाख ८० हजार क्युसेकच्या वर गेलेले दोन महापूर आहेत. १९८२चा ऑगस्टअखेर आला आणि २००८चा सप्टेंबरात. २०११ मध्येही सप्टेंबरमध्येच सुमारे साडेतेरा लाख क्युसेकचा पूर आला. सप्टेंबरमध्ये जलाशय जवळजवळ भरलेला असतो. तेव्हा पोकळी सर्वांत कमी असते आणि गाळाने ती आणखी कमी केलेली असते. २०११ च्या पुरानंतर धरण आधीच एवढे का भरू दिले, असा जाब विरोधकांनी आणि तज्ज्ञांनी विचारला. धरण रिकामे ठेवले असते आणि पाऊस आला नसता, तर रब्बीच्या वेळी वेगळ्या लोकांनी वेगळा जाब विचारला असता, हेही खरे.

दुसरी अडचण भूगोलाची आहे. हिराकूड आणि नराज यांच्यामधील सुमारे ४८,७०० चौरस किलोमीटर क्षेत्रावर पाणी अडविणारे मोठे धरण नाही. तेल आणि ओंग या उपनद्या याच भागात महानदीला मिळतात. १९८२ आणि २००८ या दोन्ही वर्षी पुराचे पाणी मुख्यतः याच भागातून आले. हिराकूडचे पाणी नराजला पोहोचण्यास एक ते दीड दिवस लागतो. याचा अर्थ आज दरवाजे उघडताना तेलच्या खोऱ्यात उद्या किती पाऊस पडेल याचा अंदाज बांधावा लागतो. अंदाज चुकला की दोन्ही पूर एकाच वेळी कटकच्या वेशीवर येतात.

वरच्या बाजूलाही अनिश्चितता आहे. छत्तीसगडने महानदी आणि तिच्या उपनद्यांवर अनेक बराज बांधले. त्यांचे दरवाजे कधी उघडतात, याची खबर हिराकूडला वेळेवर मिळतेच असे नाही, ही ओडिशाची जुनी तक्रार आहे. पाणीवाटपाचा वाद मार्च २०१८ मध्ये स्थापन झालेल्या लवादापुढे गेला. वाटपाचा वाद उन्हाळ्याच्या पाण्यासाठी आहे. पुराच्या काळात दोन राज्यांच्या अभियंत्यांमध्ये दर तासाला फोन व्हावा यासाठी लवादाच्या निवाड्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

कायदा काय सांगतो?

धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून अमलात आला. त्यानुसार प्रत्येक मोठ्या धरणाची पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक आहे. ठरावीक काळाने स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वंकष मूल्यमापन करून घ्यावे लागते. देखभालीसाठी निधी राखून ठेवणे आणि आपत्कालीन कृती आराखडा तयार करणे ही धरणाच्या मालकाची जबाबदारी आहे. हिराकूडचा मालक ओडिशा शासन आहे. जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्यामुळे उरत नाही.

आपत्कालीन आराखड्यात धरण फुटल्यास पाणी कोणत्या गावात किती वेळात आणि किती उंचीने पोहोचेल याचे नकाशे असतात. संबलपूर, बुर्ला आणि हिराकूड ही शहरे धरणाच्या अगदी पायथ्याशी आहेत. तेथे पाणी पोहोचण्याची वेळ तासांत मोजता येणार नाही. १९५७ मध्ये ही गावे लहान होती. आता नदीच्या जुन्या पूररेषेच्या आत घरे, दुकाने आणि शाळा उभ्या राहिल्या आहेत. भोंगा वाजल्यावर कोणत्या रस्त्याने कोणत्या उंचवट्यावर जायचे, हे त्या घरांतील लोकांना नकाशा न पाहताही ठाऊक असले पाहिजे. पहिल्या दरवाजाच्या पूजेला जमणारी गर्दी त्यांचीच असते.